चिरागाचा कापूस

मला एका जागी बसता येत नाही. आता वय झालं, गुडघे बोलतात, तरी रस्त्यानं बंडी वाजली की मी उठून दाराशी जाते. कोण आलं, कुठून आलं, काय बातमी. नात म्हणते, "आजी, बस ना वं अठी." बसते. पुन्हा उठते. ही खोड मला जन्मापासूनची नाही. ज्या हंगामात वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच हंगामात माझ्या अंगावरचं दूध आटलं, आणि ही खोड तेव्हापासूनची.

भावाचं सगळेच सांगतात. अमक्यानं बंडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली, तमक्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. ऐकून ऐकून कान किटले माझे. दुधाचं मात्र कोणी विचारत नाही, म्हणून तेच सांगते.

समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई लागली होती आणि तिकडचा कापूस अडला होता, एवढंच आम्हाला कळलेलं. कोण कोणाशी लढतंय याच्याशी आमचं काय देणंघेणं? पण मुंबईहून माणसं यायला लागली ती थेट वावरात. कपाशीला फूल लागायच्या आत सौदे ठरायला लागले. लोक भेटल्यावर रामराम म्हणायचे सोडून "काय भाव?" विचारायला लागले. माझा नवरा आज अमरावतीला जायचा, तिथं भाव ऐकायचा, आणि अकोल्याला जास्त असेल या वहिमानं परवा अकोल्याला. अकोल्याला गेला की वाटायचं, अमरावतीला आज चढला असेल. बैलांच्या तोंडाला फेस यायचा. घरी आला की पाय धुवायच्या आधी भाव सांगायचा.

घरात आम्ही तिघं. नवरा, त्याची विधवा आत्या आणि मी. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, म्हणून आत्याबाईंचाच वचक. आणि चौथी आमची पोरगी, गौरी-गणपतीच्या सुमारास झालेली. तिच्या आधीचा मुलगा हाताला लागला नव्हता. पाचवी पुजली आणि गेला. त्यामुळे ही जगावी एवढंच माझं मागणं होतं. देवाला तसं बजावलंही होतं. मी देवाशी पण जरा चढ्या आवाजातच बोलते.

आता कोणी म्हणेल, पोर एवढी जिवाची तर तिच्यापाशी बसायचं. बसत होते ना! पण कान रस्त्यावर. पोर छातीशी ओढतेय आणि मी मान वाकडी करून ऐकतेय, घुंगरं आपल्या बैलांची की दुसऱ्याच्या. मलाही त्या भावानं झपाटलंच होतं. गळ्यात सोन्याची एकदाणी हवी होती मला, शेजारगावच्या पाटलिणीसारखी ठसठशीत. पोरीचं पोट अर्धं भरलं न भरलं की तिला खाली ठेवायचं, अंगणात जायचं, परत यायचं. चुलीवर दूध ठेवून विसरायचं. वेचणाऱ्या बायांवर उगाच खेकसायचं. रिकामी बसले तरी छाती धडधडायची, चढण चढून आल्यासारखी.

आत्याबाई एकदा म्हणाल्या, "तुहं चित्त कुठी हाय वं?"

"अठीच हाय."

"अठी नुसती बूड टेकून हायेस. चित्त अकोल्याले गेलं."

त्यांचं बोलणं असं. पुण्याची एक सोयरीण एकदा आमच्याकडे राहून गेली, ती म्हणाली होती, या बाई रोज कोणावर रागावलेल्या असतात? रागावलेल्या नव्हत्या, तो त्यांचा साधा आवाज होता.

मग सीतादही आली. आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू व्हायच्या दिवशी घरची सवाशीण दहीभात घेऊन वावरात जाते. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, वावरातलं सगळ्यात चांगलं झाड पाहून त्याच्या बुडाशी दहीभात ठेवायचा. तू दिलंस, आम्ही घेतो, अशी विनंती करायची. मग पहिलं बोंड ओटीत. आणि त्या दिवशीचं पहिलं टोपलं विकायचं नाही. त्यातला मूठभर कापूस घरच्या दिव्याला, मूठभर देवळाला, उरलेला गावच्या पिंजाऱ्याकडे. पिंजाऱ्याचं घर मुसलमानाचं, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तो पिंजून द्यायचा आणि त्यातला वाटा त्याच्या घरी राहायचा. हे कधीपासून चालत आलं होतं कोण जाणे.

त्या साली दलालाचा माणूस काटा घेऊन पहाटेच धुऱ्यावर येऊन उभा. नवरा म्हणाला, "दहीभात मंग करू. आज भाव हाय, उद्या राहीन का?" आत्याबाई हातात गाडगं घेऊन उभ्या होत्या. त्या विधवा, त्यांना पूजा चालायची नाही, त्या माझी वाट पाहत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, बंडीकडे पाहिलं आणि ओटी बांधून वेचायला लागले. पहिलं टोपलं काट्यावर गेलं. दहीभात दुपारी भूक लागली तेव्हा मीच खाऊन टाकला.

त्यानंतर पोर रडायला लागली. आधी वाटलं पोट दुखतंय. बाळघुटी दिली. मग कळलं की ती ओढते आणि तोंडात काही येतच नाही. मी मेथ्या खाल्ल्या, आळीव खाल्ले, खोबरं खाल्लं. सुईण येऊन छाती शेकून गेली. जाताना आत्याबाईंना म्हणाली, "हिचा जीव थाऱ्यावर नाई, पान्हा कुठून येईन?" मला इतका संताप आला! माझ्या घरी येऊन, माझा शिधा घेऊन, मलाच दोष. पण पोरीच्या टाळूवर खळगा पडला होता. पहिल्या मुलाच्या वेळी मी तसाच खळगा पाहिला होता.

शेळी आणली. दुधात पाणी घालून उकळलं. आता पाजायचं कसं? एवढ्या लहान पोराला बोळ्यानं. आत्याबाई म्हणाल्या, "आन कापूस."

घरात कापूस नव्हता.

आमच्या घरात, जिथून बंड्याच्या बंड्या भरून गेल्या होत्या, मूठभर पिंजलेला कापूस नव्हता. दिव्याच्या वातीसुद्धा त्या साली मी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या करत होते आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. चिंधीचा बोळा केला. लुगड्याचा रंग दुधात उतरला, पोरीनं तोंड फिरवलं. वावरात पळत गेले, मागं राहिलेली चार बोंडं तोडून आणली, सरकी काढली. त्यात वाळक्या पानाचा चुरा. तो पोरीच्या घशात अडकला आणि ती निळी पडेपर्यंत खोकली. आत्याबाईंनी तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा श्वास परत आला. मी भिंतीला टेकून उभी होते. रडूही येत नव्हतं.

"जाय पिंजाऱ्याकडं," आत्याबाई म्हणाल्या.

मला जायचं नव्हतं. ज्या घरी दरवर्षी आपण द्यायचं आणि या साली दिलं नाही, तिथंच मागायला कोणत्या तोंडानं जायचं? मला मागणं कधी जमलं नाही. देताना माझा हात मोकळा असतो, घेताना बोटं वाकत नाहीत. पण गेले. पोर काखेत होती, तीच पाय पुढं टाकायला लावत होती.

पिंजारीण दारातच बसली होती. आम्ही तिला भाबी म्हणायचो. आत भिंतीवर पिंजणाची मोठी कमान खुंटीला टांगलेली, तिच्या तातीच्या दोरीवर धूळ. गावात कोणी घरी कापूस ठेवतच नव्हतं, तर पिंजणार काय? तिचा नवरा अकोल्याला गेला होता, बोऱ्यांत, मोठाल्या पोत्यांत, उतरून पायानं कापूस खुंदून दाबायच्या कामाला. मजुरी बरी मिळते म्हणे, पण खोकला लागलाय, असं तिनं न विचारता सांगितलं. मग तिची नजर पोरीवर पडली.

मी म्हणाले, "भाबी, बोळ्यापुरता कापूस हाय का?" एवढंच.

ती उठली. कोनाड्यातून एक गाडगं काढलं, वरची निंबाची पानं बाजूला केली. आत पांढराशुभ्र कापूस, मागच्या सालचा. "तुमच्याच घरचा हाय," ती म्हणाली. "सीतादहीचा. दर जुमेरातले पीरबाबाच्या चिरागासाठी वात काढतो ह्याच्यातून."

"मंग चिरागाचं काय?"

"पीरबाबा चार दिवस अंधारात बसतीन. त्यायले काय दूध प्यायचं हाय?" आणि सगळंच गाडगं माझ्या हातात दिलं.

मी आभार मानले नाहीत. मला राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडून मोकळी झाले असते. घरी आले ते धाडधाड पावलं टाकत.

आत्याबाईंनी चिमूटभर कापूस काढला, गोल केला, दुधात बुडवला आणि माझ्या हातात दिला. मी पोरीच्या ओठांशी नेणार तर त्यांनी मनगट धरलं. "आधी नाव घे. हे कोनाचं हाय ते सांग. मंग पाज."

"पोर उपाशी हाय आन् तुमचं काय चाललं?"

"एक नाव घ्याले किती वेळ लागते?"

"शेळीचं हाय!" मी दात खाऊन म्हणाले.

"बरं. पाज."

दुसऱ्या बोळ्याला पुन्हा मनगट. मी म्हणाले, पिंजारणीचं. तिसऱ्याला वावराचं. चौथ्याला मी चिडून म्हणाले, "दलालाचं!" आत्याबाई म्हणाल्या, "त्यानं काय देल्लं तुले?" मी विचार केला आणि खरंच काही सुचेना. तेव्हा पहिल्यांदा मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

असं रोज सुरू झालं. मला ते पोरखेळ वाटायचं. पण बोळ्यानं दूध पाजणं हे घाईचं काम नव्हे. थेंब जास्त पडला तर पोर ठसकते, कमी पडला तर रडते. बोळा भिजवायचा, हळूच दाबायचा, ती चोखेपर्यंत थांबायचं. त्यात प्रत्येक वेळी एक नाव. सरपण आणणाऱ्या कोरकू बाईचं. विहिरीचं. सुईणीचं, हे नाव घ्यायला मला बरेच दिवस लागले. नाव शोधता शोधता माझे कान रस्त्यावरून घरात यायचे. शोधावं लागायचं ना! रोज तेच तेच नाव आत्याबाई चालू द्यायच्या नाहीत. "शेळीचं काल झालं. आज दुसरं सांग." मग मी इकडे तिकडे पाहायची आणि दिसायचं की हे छप्पर कोणीतरी शाकारलंय, हे गाडगं कोणीतरी भाजलंय. आधीही ते तिथंच होतं.

मी खोटं सांगणार नाही. नवरा भाव घेऊन आला की माझं सगळं उधळून जायचं. छाती पुन्हा धडधडायची, मी पुन्हा अंगणात. पण पोरीची वेळ झाली की परत बसावं लागायचं, नाव घ्यावं लागायचं, आणि ती धडधड जरा खाली यायची. आणि एका दुपारी मी बोळा भिजवत असताना माझी चोळी ओली झाली. आत्याबाईंनी पाहिलं. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि पोरीला वर सरकवलं. तिनं ओढलं आणि तिला मिळालं. मी हमसून हमसून रडले.

नावं घेतल्यानं पान्हा फुटतो का? मला काय ठाऊक. मेथ्यांचाही गुण असेल. सुईणीला विचाराल तर ती म्हणेल तिच्या शेकण्याचा. मला एवढंच कळतं की जीव जरा थाऱ्यावर आला होता.

मग मला त्या रिकाम्या गाडग्यानं छळायला सुरुवात केली. तोवर घरात कापूस आला होता, नंतरच्या वेचण्यांचा, ओसरीत आढ्यापर्यंत. नवरा विकत नव्हता. अजून चढेल म्हणत होता. मी टोपलं भरायला लागले तर म्हणाला, "कुठी चालली?"

"भाबीकडं. या सालचं पहिलं टोपलं द्याचं राह्यलं."

"येडी झाली का? आताच्या भावात? थोडं थांब, भाव उतरला की दोन टोपले दे."

"भाव उतरल्यावर देल्लं तर ते देनं नाई, ते झाडून टाकनं झालं." आणि टोपलं डोक्यावर घेतलं. तो मागं ओरडत होता. मी वळले नाही. मीही त्याच मातीची, तेवढीच हट्टी.

भाबीनं टोपलं उतरवून घेतलं, कापसात हात घालून पाहिला. त्या वेळी मी तिला म्हणाले, "पोरगी पिते आता." तिनं माझा हात दाबला. तिचा नवरा त्या आठवड्यात घरी आला होता. त्यानं खुंटीवरची कमान काढली. गावात किती तरी दिवसांनी पिंजणाचा आवाज घुमला, आणि मी घरी पोरीला घेऊन तो ऐकत बसले.

फाल्गुनात बातमी आली की समुद्रापलीकडची लढाई मिटायला लागली. लोक म्हणाले, मिटू दे, आपल्याला काय. नवऱ्यानं घाईनं बंडी भरली, बैल जुंपले आणि अकोल्याला गेला. चार दिवसांत यायचा तो लवकर परतला. सांज होत होती. घुंगरं वाजली, मी उठले, दाराशी गेले. बंडी भरलेलीच होती.

भाव किती पडला ते मी विचारलं नाही. त्याचं तोंड पाहूनच कळलं. तो आत आला, पाय न धुताच ओसरीवर बसला आणि समोर पाहत राहिला. आत्याबाई देवळात गेलेल्या. पोरगी रडायला लागली म्हणून मी तिला घेतलं, छातीशी लावलं. तिनं ओढलं. पुन्हा ओढलं. काही नाही.

भीती वाटली म्हणजे किती! सगळं परत आलं, तो टाळूचा खळगा, ते निळं पडलेलं तोंड. माझी छाती अशी उडत होती की पोरीलाच धक्के बसत होते. मी वाटीत शेळीचं दूध काढलं, भाबीकडून पिंजून आलेल्या कापसाचा बोळा केला, पण हातात धरवेना. बोळा खाली पडला. दुसरा केला. मग मी पोरीला उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पाजा."

"मले नाई येत."

"येते. पन आधी नाव घ्या. कोनाचं हाय ते सांगा, मंग पाजा."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं आता वाटी भिरकावतो. आमचा हा खेळ त्यानं आधी पाहिला होता आणि त्याला हसला होता. पोरगी रडत होती. त्यानं बोळा भिजवला. पहिलं दूध तिच्या गालावर सांडलं. काय नाव घ्यावं त्याला सुचतच नव्हतं. त्या सबंध हंगामात जे जे त्याच्या तोंडी होतं, त्यातलं काहीच इथं चालणार नव्हतं.

"बैलायचं," तो शेवटी म्हणाला. "भरली बंडी नेली बिचाऱ्यायनं. भरलीच आनली."

पोरगी बोळा चोखायला लागली. तो तिच्याकडे पाहत होता. मग एकदम त्यानं मान वर केली आणि अंगणाकडे पाहिलं. मीही पाहिलं. बैल अजून जुंपलेलेच होते. भरल्या बंडीला, मान खाली घालून, अकोल्याहून आले तसे उभे. ना त्याच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या.

त्यानं पोरीला माझ्याकडे दिलं आणि उठला. जू उतरवल्याचा आवाज आला, मग विहिरीवर रहाटाचा. तो बैलांशी काहीतरी हळू आवाजात बोलत होता. मी पोरीला परत छातीशी लावलं. रस्त्यानं आणखी बंड्या परतत होत्या, कोणीतरी कोणाला हाक मारून भाव विचारत होतं. मी पिंजारणीचं नाव घेतलं आणि पान्ह्याची वाट पाहत राहिले. उठले नाही.